दोघांचंही बरोबर असतं तेव्हा : मर्ज कॉन्फ्लिक्ट आणि मुक्त सॉफ्टवेअर

(नालासोपारा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



समोर बरीच कॉलेजची मुलं दिसतायत, आणि मागच्या रांगांत ऑफिस सुटल्यावर विरार लोकलमधून थेट इथे आलेली मंडळी आहेत. दोघांनाही उपयोगी पडेल असा विषय घेतला आहे. कोड लिहायला शिकवणारे क्लास आपल्याकडे गल्लोगल्ली निघालेत. पण आपला कोड दुसऱ्याच्या कोडमध्ये मिसळायचा कसा, हे शिकवणारा क्लास मला तरी दिसलेला नाही. आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणारा मुलगा किंवा मुलगी अडते ती बहुतेक वेळा तिथेच. कोड चालतो, पुल रिक्वेस्ट टाकली जाते, आणि चार दिवसांनी खाली ओळ येते, की या ब्रँचमध्ये कॉन्फ्लिक्ट आहेत, ते सोडवा. अनेकजण तिथूनच परत फिरतात. आपलं काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटतं.

तर पहिली गोष्ट लक्षात घ्या. मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणजे तुमची चूक नव्हे. दोन माणसांनी एकाच जागी, एकाच वेळी, आपापल्या परीने बरोबर काम केलं, आणि आता दोन्हीतलं काय ठेवायचं हे मशीनला ठरवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गिट तुम्हाला प्रश्न विचारतं. खरा धोका असतो तो गिट प्रश्न विचारत नाही तेव्हा. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे, कारण आजचं व्याख्यान मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी गिट म्हणजे काय ते थोडक्यात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जगभरचे लोक मिळून लिहितात. सगळ्यांचे बदल एकत्र ठेवायला ते बिटकीपर नावाचं एक खाजगी सॉफ्टवेअर वापरत. २००५ मध्ये त्याची फुकट वापराची सवलत बंद झाली, आणि लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये स्वतःच एक साधन लिहायला घेतलं. तेच गिट. त्याचं वैशिष्ट्य असं, की प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासासकट संपूर्ण प्रत असते. तुम्ही तुमच्या प्रतीत काम करायचं, मी माझ्या. वेळ आली की दोन्ही जुळवायच्या. ही जुळवणी म्हणजे मर्ज.

आता एक रोजच्यातलं उदाहरण घेऊ. समजा एका सोसायटीत चाळीस बिऱ्हाडं आहेत आणि पाण्याचा टँकर मागवावा लागतो. टँकरचा विषय इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. (हशा) नोटीस बोर्डवर एक कागद आहे. वरच्या ओळीत लिहिलंय : टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी. मध्ये दोन-चार सूचना आहेत. खालच्या ओळीत : वर्गणी दरमहा ३०० रुपये. हिशोब असा, की एक टँकर १५०० रुपयांचा, महिन्याला आठ टँकर, झाले १२,०००, भागिले चाळीस.

सेक्रेटरीने या कागदाची प्रत घरी नेली आणि मंगळवारचा बुधवार केला. खजिनदाराने दुसरी प्रत नेली आणि सूचनांमधलं एक शुद्धलेखन सुधारलं. दोन्ही प्रती परत आल्या. जोडायच्या कशा? सोपं आहे, दोन्ही बदल घ्या. पण हे ‘सोपं’ कशामुळे झालं ते बघा. तुमच्याकडे मूळ कागद होता. मूळ कागदावर मंगळवार आहे, एका प्रतीत मंगळवार आहे, दुसरीत बुधवार. म्हणजे बदल सेक्रेटरीने केला, खजिनदाराने त्या ओळीला हात लावलेला नाही. मूळ कागद नसता तर? एकीकडे मंगळवार, एकीकडे बुधवार. कुणी काय बदललं, कळायला मार्गच नाही. म्हणून गिट दोन नाही, तीन प्रती समोर ठेवतं : तुमची, माझी, आणि आपण जिथून वेगळे झालो ती. तिला मर्ज बेस म्हणतात.

मूळ प्रतीचं महत्त्व नालासोपाऱ्यात सांगायला मला एक हक्काचं उदाहरण आहे. इथल्या बुरूड राजाच्या कोटात भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये स्तूप उकरून काढला, हे तुम्हाला माहीत असेल. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आता अशोकाचे हे लेख काही फक्त सोपाऱ्याला नव्हते. तोच मजकूर गिरनारला आहे, उत्तरेला काल्सीला आहे, वायव्येला शाहबाजगढीला आहे, ओडिशात धौली आणि जौगडाला आहे. एकच मजकूर, पण शब्द, उच्चार, रूपं ठिकठिकाणी थोडी वेगळी. धौली आणि जौगडाला तर अकरा ते तेरा क्रमांकाचे लेख गाळून त्याजागी दोन स्वतंत्र लेख कोरले आहेत. आपल्या भाषेत ती वेगळी ब्रँच झाली. आणि राजधानीतून जो मूळ मसुदा निघाला असेल तो आज आपल्याकडे नाही. त्यामुळे दोन ठिकाणचे पाठ वेगळे दिसले, की कुठे बदललं आणि मुळात काय होतं, हे ठरवायला अभ्यासकांना सगळ्या प्रती शेजारी ठेवून तर्क लढवावा लागतो. मर्ज बेस हरवला की काय होतं, ते हे. गंमत म्हणजे चौदाव्या लेखात अशोकाने स्वतःच सांगून ठेवलंय, की हे लेख कुठे थोडक्यात आहेत, कुठे विस्ताराने, आणि काही उणं राहिलं असेल तर त्यात लेखनिकाचाही दोष असू शकतो.

तर आपण नशीबवान. आपला मसुदा गिट सांभाळून ठेवतं.

आता कॉन्फ्लिक्ट कधी येतो? सेक्रेटरीने मंगळवारचा बुधवार केला आणि खजिनदाराने त्याच ओळीत मंगळवारचा सोमवार केला, तर. किंवा दोघांनी अगदी लागून असलेल्या ओळी बदलल्या, तर. गिट थांबतं, फाइलमध्ये खुणा करून दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवतं आणि म्हणतं, तुम्ही ठरवा. नवीन माणूस इथे काय करतो? आपला मजकूर ठेवतो, दुसऱ्याचा पुसतो, आणि खुणा काढून कमिट करतो. लाल रंग गेला, काम झालं. पण ते नीट सोडवणं नव्हे, समोरच्याचं काम न वाचता पुसणं आहे. एडिटरमध्ये ‘माझं घ्या’, ‘त्यांचं घ्या’ अशी बटणं असतात, ती दाबण्याआधी एक लक्षात असू द्या : रीबेस करताना या दोन्ही शब्दांचे अर्थ उलटे होतात. रीबेसमध्ये तुमचे कमिट दुसऱ्याच्या कामावर नव्याने रचले जातात, म्हणून ‘माझं’ म्हणजे ते, आणि ‘त्यांचं’ म्हणजे तुमचं.

आणखी एक सोय सांगते. गिटमध्ये डिफथ्री नावाची मांडणी आहे. ती सुरू केली की तुमचा आणि त्यांचा मजकूर दिसतोच, मध्ये मूळ मजकूरही दिसतो. सोपाऱ्याचा, गिरनारचा, आणि मधे पाटलीपुत्राचा! निम्मे कॉन्फ्लिक्ट त्यानेच डोळ्यांसमोर उलगडतात.

आता आपल्या जवळचं खरं उदाहरण घेऊ. मुंबईत फ्रॅपे नावाची कंपनी आहे. रुशभ मेहता यांनी सुरू केलेली. त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली खुलं आहे : हिशोब, साठा, खरेदी-विक्री, सगळं. वसईच्या औद्योगिक पट्ट्यातला एखादा छोटा कारखानदारही ते वापरू शकतो आणि त्याचा कोड तुम्ही आत्ता फोनवर उघडून वाचू शकता. या प्रकल्पात दोन जागी कॉन्फ्लिक्ट हमखास येतात. आणि दोन्ही सोडवायची रीत वेगळी आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

पहिली जागा, पॅचेसची यादी. डेटाबेसमधली जुनी माहिती नव्या रचनेत आणायला छोटे प्रोग्रॅम लिहितात, त्यांना पॅच म्हणतात. कुठले पॅच, कुठल्या क्रमाने चालवायचे, त्याची एका साध्या फाइलमध्ये यादी असते. नवा पॅच लिहिला की प्रत्येकजण शेवटी एक ओळ जोडतो. दोघांनी एकाच आठवड्यात शेवटी एकेक ओळ जोडली की झाला कॉन्फ्लिक्ट. इथे निवड करायचीच नसते. दोन्ही ओळी ठेवायच्या, फक्त एक पॅच दुसऱ्यावर अवलंबून नाही ना, एवढा क्रम बघायचा. एक ओळ पुसलीत तर कोड चालेल, चाचण्याही कदाचित पास होतील, आणि कुणाच्या तरी दुकानाची जुनी बिलं नव्या रचनेत यायची राहून जातील.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. फ्रॅपेमध्ये प्रत्येक फॉर्मची रचना एका जेसन फाइलमध्ये असते, आणि तीत ‘मॉडिफाइड’ नावाची एक ओळ असते : शेवटचा बदल कधी झाला त्याची तारीख-वेळ. तुम्ही फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला, मी दुसरा. रकाने लांब लांब आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी वेळेची ओळ दोघांचीही बदलली, म्हणजे कॉन्फ्लिक्ट ठरलेला. बघणाऱ्याला वाटतं, वेळच तर आहे, कुठलीही ठेवा. पण जुन्या आवृत्त्यांत फाइलवरची वेळ आणि डेटाबेसमधली वेळ एकच असेल, तर ‘काही बदललेलं नाही’ असं समजून सिस्टिम पुढे जायची. म्हणजे मर्ज करताना तुम्ही माझी जुनी वेळ ठेवली, आणि एखाद्या ठिकाणी माझी प्रत आधीच बसवलेली असली, तर तुमचा नवा रकाना तिथे पोचणारच नाही. कोडमध्ये आहे, स्क्रीनवर नाही. नंतरच्या आवृत्त्यांत फाइलच्या मजकुराचा हॅश तपासायला लागले, तो याचसाठी. मुद्दा असा, की कॉन्फ्लिक्टमधली ओळ किरकोळ दिसली तरी ती ओळ कोण वाचतं, हे माहीत असल्याशिवाय तिचा निकाल लावू नका.

आता येते सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे. परत सोसायटीच्या कागदावर चला.

सेक्रेटरीने वरची ओळ बदलली : पाणी पुरत नाही, टँकर आता आठवड्यातून तीनदा. खजिनदाराने खालची ओळ बदलली : नवा टँकरवाला १४०० रुपयांत देतो, आठ टँकरचे ११,२००, म्हणून वर्गणी ३०० ऐवजी २८० रुपये. दोन वेगळ्या ओळी, मध्ये अंतर. गिट काय म्हणेल? काहीच नाही. स्वच्छ मर्ज, हिरवी खूण. आणि महिन्याअखेर? टँकर आले बारा, बिल झालं १६,८००, जमा झाले ११,२००. सोसायटी ५,६०० रुपयांनी खड्ड्यात. सेक्रेटरी बरोबर होता, खजिनदारही बरोबर होता. दोन बरोबर गोष्टी जोडल्यावर चूक तयार झाली, आणि ती कुणाच्याच प्रतीत नव्हती.

याला अर्थाचा कॉन्फ्लिक्ट म्हणा. गिटला ओळी कळतात, हेतू कळत नाही. कोडमध्ये हे रोज घडतं. एकाने फंक्शनचं नाव बदललं आणि सगळीकडची हाक सुधारली. त्याच वेळी दुसऱ्याने नव्या फाइलमध्ये जुन्या नावाने हाक मारली. मर्ज स्वच्छ, प्रोग्रॅम बंद. हा प्रकार त्यातल्या त्यात सौम्य, कारण लगेच दिसतो. एकाने रक्कम रुपयांऐवजी पैशांत ठेवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याने रुपये समजून बेरीज केली, तर प्रोग्रॅम बंदही पडत नाही. चुकीचं बिल छापतो.

यावर उपाय काय? पहिला, चाचण्या. आणि त्या जोडून झालेल्या कोडवर चालल्या पाहिजेत. गिटहबवर पुल रिक्वेस्टच्या चाचण्या साधारणपणे तुमचा बदल मुख्य ब्रँचमध्ये मिसळून बघूनच चालतात. पण त्या चालल्या सोमवारी, आणि शुक्रवारपर्यंत मुख्य ब्रँचमध्ये आणखी वीस बदल गेले, तर सोमवारची हिरवी खूण शिळी झाली. मोठे प्रकल्प म्हणून रांग लावतात, मर्ज क्यू : प्रत्येक बदल आत जाण्याआधी त्या क्षणाच्या कोडवर पुन्हा तपासायचा.

दुसरा उपाय माणसांचा आहे, आणि तो लिनक्सवाल्यांकडून शिकावा. कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल जातात, आणि नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. हे जमतं कसं? नवी कामं आत घ्यायला फक्त सुरुवातीचे दोन आठवडे असतात, त्याला मर्ज विंडो म्हणतात. ती बंद झाली की फक्त दुरुस्त्या. शिवाय २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन रॉथवेल यांनी लिनक्स-नेक्स्ट नावाची एक प्रत चालू केली. पुढच्या आवृत्तीसाठी तयार होत असलेली सगळ्यांची कामं तिथे जवळजवळ रोज एकत्र करून बघतात. कुठे टक्कर होतेय ते खिडकी उघडायच्या आधीच कळतं, आणि संबंधित दोघांना निरोप जातो. लग्नाच्या हॉलसारखं आहे. तारीख आधी कळली तर दोन घरं बोलून मार्ग काढतात. ऐन दिवशी दोन वऱ्हाडं दारात उभी राहिली तर भांडण ठरलेलं. (हशा)

तिथे आणखी एक शिस्त आहे, ती ऐकून नवीन लोकांना नवल वाटतं. उपविभागाच्या मेंटेनरने टॉरवाल्ड्सकडे काम पाठवताना कॉन्फ्लिक्ट लपवण्यासाठी उगाच उलटं मर्ज करू नये, अशी अपेक्षा असते. उलट पत्रात लिहावं, की अमुक ठिकाणी टक्कर होईल, आणि माझ्या मते ती अशी सोडवावी. कारण कॉन्फ्लिक्ट ही माहिती आहे. दोन गट एकाच जागी काम करतायत, हे वरच्या माणसाला दिसलं पाहिजे.

तिसरा उपाय रचनेचा. ईआरपीनेक्स्टने आवृत्ती १४ मध्ये काय केलं बघा. तोवर भारताचे जीएसटीचे नियम, मनुष्यबळ, आरोग्य, शिक्षण, शेती असे विभाग एकाच रेपॉझिटरीत होते. ते बाहेर काढून वेगळी ॲप केली. जीएसटीचा कोड ‘इंडिया कंप्लायन्स’ या ॲपमध्ये गेला. जीएसटीचे नियम सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे, आपल्या वेगाने बदलतात, मुख्य हिशोबाचा कोड त्याच्या वेगाने. दोन वेगळ्या वेगांची माणसं एका फाइलमध्ये कोंबली की टक्कर होतच राहणार. जिथे सारखे कॉन्फ्लिक्ट येतात, तिथे बहुतेक वेळा भिंत घालायची राहून गेलेली असते.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी.

बदल छोटा ठेवा. चाळीस ओळींची पुल रिक्वेस्ट कुणीतरी चहा पिता पिता वाचतो, चार हजार ओळींची पडून राहते, आणि पडून राहिलेल्या ब्रँचला कॉन्फ्लिक्ट येणारच.

काम सुरू करण्याआधी सांगा. इश्यूखाली एक ओळ पुरे : मी हे करायला घेतोय. अर्धे कॉन्फ्लिक्ट तिथेच टळतात.

दुरुस्ती आणि सजावट एकत्र करू नका. एक बग सुधारताना संपूर्ण फाइलचं इंडेंटेशन बदललं, तर त्या फाइलवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही कॉन्फ्लिक्ट वाटलेत. फॉरमॅटिंग करायचंच असेल तर सगळ्यांना कळवून, एकदाच, वेगळ्या कमिटमध्ये.

आणि कॉन्फ्लिक्ट सोडवताना समोरची ओळ कुणी आणि कशासाठी लिहिली ते गिट ब्लेम आणि गिट लॉगमध्ये बघा. ब्लेम हे नाव वाईट आहे, पण दोष द्यायला ते वापरू नका, पत्ता शोधायला वापरा. तरी कळलं नाही तर त्या माणसाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. त्याची ओळ न विचारता पुसली, तर मात्र तिची किंमत आपल्याला कधी न भेटलेला कुणीतरी मोजतो. एखादा दुकानदार, एखादी अकाउंटंट, जिला महिन्याअखेरीस हिशोब का जुळत नाही ते कळत नसतं.

एवढं बोलून थांबते. आता प्रश्न घेऊ.

श्रोता : मॅडम, मर्ज करावं की रीबेस? ऑफिसात यावरून रोज वाद होतात.

ब्रँच फक्त तुमच्याकडे असेल, तुमच्याशिवाय कुणी तिच्यावर काम करत नसेल, तर खुशाल रीबेस करा, इतिहास सरळ राहतो. पण दुसऱ्याने तुमची ब्रँच घेऊन तिच्यावर काम सुरू केलं असेल, तर रीबेस करू नका. रीबेसने जुने कमिट जाऊन त्यांच्या जागी नवे येतात, म्हणजे तुम्ही त्या माणसाच्या पायाखालचा मर्ज बेसच काढून घेता. बाकी, ज्या प्रकल्पात जाल तिथल्या नियमांची फाइल आधी वाचा. पाहुण्याने घरातली पद्धत बघून पान वाढायला घ्यावं.

श्रोती : माझी पुल रिक्वेस्ट दोन महिने कुणी बघितलीच नाही, आणि आता तीत कॉन्फ्लिक्ट आलेत. ते मी का सोडवायचे?

तुमची तक्रार रास्त आहे. उशीर त्यांचा, काम तुम्हाला. तरी व्यवहार असा, की तुमच्या बदलाचा हेतू तुम्हालाच ठाऊक आहे, म्हणून तुमच्या हातून तो नीट सुटतो. मेंटेनरने घाईत सोडवला तर मघाचा टँकर होईल. पण आंधळेपणाने दर आठवड्याला सोडवत बसू नका. आधी नम्रपणे विचारा, की हा बदल तुम्हाला हवा आहे का? हवा असेल तर मी आज अपडेट करून देते, तुम्ही या आठवड्यात बघाल का? उत्तर ‘हो’ आलं तर बसा कामाला. ‘नको’ आलं तर तेही उत्तरच आहे, तुमचे पुढचे दोन महिने वाचले. आणि उद्या तुम्ही स्वतः मेंटेनर व्हाल, तेव्हा कुणाच्या तरी पहिल्या पुल रिक्वेस्टला दोन महिने ताटकळत ठेवू नका. निदान एक ओळ लिहा.